वेताचा पाळणा

बेबीच्या वडिलांनी आयुष्यात एकच कायदा केला आणि तो नाताळपुरता होता. त्या दिवशी घरात एकमेकांना जे काही द्यायचं, ते स्वतःच्या हातानं केलेलं असलं पाहिजे. दुकानातून आणलेलं चालायचं नाही. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वर्षभर लोकांची नावं रंगवून झाली की नाताळच्या आधी उरल्यासुरल्या रंगांतून ते घरच्यांसाठी काहीतरी करत. बेबीच्या पेटीवर पोपट, आईच्या आरशाभोवती वेल. आई शिवायची, विणायची. बेबीलाही ते लवकर जमलं.

जमलं नाही ते दादाला. एका वर्षी त्यानं वडिलांसाठी स्टूल केलं. पाय चार, पण जमिनीला टेकायचे तीनच. वडील त्यावर बसले आणि घरंगळत भिंतीला जाऊन टेकले. "अरे, हे स्टूल आहे की घोडा?" ते म्हणाले. दुसऱ्या वर्षी आईला फोटोची चौकट मिळाली, तिच्यात घरातला एकही फोटो बसेना. आईनं ती रिकामीच टांगली. दादाच्या हातात कला नव्हती अशातला भाग नाही. घाई होती. सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू करायचं आणि रंग ओला असतानाच कागदात गुंडाळायचं. सगळे हसत, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसे.

वडील गेले तरी कायदा राहिला. बेबीचं लग्न झालं, तिचा नवरा वायरमन होता. त्यानंही तो बिनतक्रार मानला. पहिल्या वर्षी त्यानं सासूबाईंना जुन्या बरणीचा दिवा करून दिला. मग चिऊ झाली. बेबी खरं तर आता बेबी म्हणावी अशी राहिली नव्हती, पण घरात ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि मग तो अपघात झाला.

दादा एका बेकरीचा टेम्पो चालवायचा. आईसाठी एक कपाट आणायचं म्हणून तो आणि बेबीचा नवरा दोघं टेम्पो घेऊन शेजारच्या गावी गेले होते. परतताना दादा एका मित्राकडे थांबला, प्यायला. नवरा म्हणाला होता म्हणे, मी चालवतो. दादानं ऐकलं नाही. वळणावर टेम्पो कठडा तोडून खाली गेला. दादा खरचटण्यावर निभावला, बाहेर आला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो बस स्टँडच्या बाकावर सापडला. बेबीच्या नवऱ्याला उजाडल्यावर कोणीतरी पाहिलं. हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा धुगधुगी होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर."

कोर्टात दादानं सांगितलं, डोक्याला मार लागला होता, शुद्ध नव्हती, तो गेलाच असं वाटलं. शिक्षा झाली. वहिनी माहेरी निघून गेली. आई आपलं बिऱ्हाड मोडून बेबीकडे राहायला आली, कारण बेबी कामावर गेली की चिऊला बघायला कोणी नव्हतं.

बेबी त्याच हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. तळघरातली लांबलचक खोली, एका भिंतीला यंत्रांची रांग, दुसऱ्या टोकाला चादरी इस्त्री करणारा मोठा रूळ. दोघी बायकांनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, गरम असतानाच घडी घालायची. रक्त लागलेले कपडे वेगळ्या पिशवीतून खाली येत. पूर्वी ती पिशवी बेबी बेधडक उघडायची. आता पिशवी आली की ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या टोकाला जायची. बरोबरच्या बायका समजून होत्या.

घरात दादाचं नाव निघत नसे. महिन्यातून एकदा आई शाल गुंडाळून सकाळी निघायची आणि दिवस कलता परतायची. बेबी विचारत नसे. आई मात्र भाजी निवडता निवडता, कोणाला उद्देशून नाही असं बोलायची. "वाळलाय फार." किंवा, "चिऊ कितवीत गेली विचारत होता." बेबी उठून नळ मोठा सोडायची.

अपघातानंतरचा पहिला नाताळ असाच गेला. कोणी कोणाला काही दिलं नाही. दुसऱ्या नाताळला चिऊनंच घाट घातला. शाळेत तिनं पुठ्ठ्याचे दोन बुकमार्क केले होते, एक आईला, एक आजीला. बेबीनं तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली, आईसाठी उशीचे अभ्रे शिवले. जेवणं झाल्यावर दुपारी तिघी बिछान्यावर बसल्या. टोपी चिऊच्या कानांवरून घसरून नाकावर आली. "अगं, ही टोपी आहे की पिशवी?" असं आजी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू फुटलं.

मग आई उठली. कपाटामागून तिनं वर्तमानपत्रात बांधलेलं मोठं बोचकं ओढून काढलं आणि चिऊपुढे ठेवलं.

आत बाहुलीचा पाळणा होता. वेताचा. चारी बाजूंनी बारीक जाळी, वर कमान, खाली डुलण्यासाठी वाकवलेल्या दोन पट्ट्या. एखादी वेतकाडी जाडीभरडी बसली होती, पण एकूण काम नेटकं होतं. चिऊनं धावत जाऊन बाहुली आणली, आत निजवली, बोटानं पाळणा हलवला. तो हलला.

"कुठून आणलास?" बेबीनं विचारलं.

आईनं वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली. "आणला नाही. केलाय."

"कोणी?"

"दादानं. शिकवतात त्यांना आत. फार मन लावून केलाय गं. म्हणाला, चिऊला दे."

बेबीनं पाळणा उचलला, उलटा केला. बाहुली बदकन फरशीवर पडली.

"बेबी!"

"याच्यासाठी जातेस तिकडे? हे आणायला?"

"पोरीसमोर नको."

"पोरीसमोरच दिलास ना? ज्यानं हिच्या बापाला खड्ड्यात टाकून पाय काढला, त्याच्या हातचा पाळणा हिला? तुझी जीभ कशी रेटली, आई?"

"त्याला शुद्ध नव्हती," आई हळूच म्हणाली.

"बस स्टँडपर्यंत चालत जायला बरी शुद्ध होती!"

चिऊनं बाहुली उचलून पोटाशी धरली होती. ती दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "मामानं केलाय म्हणून तो वाईट आहे का?" तिनं विचारलं. "पण मला हवाय," ती म्हणाली आणि ओठ काढून रडायला लागली.

बेबीनं पाळणा कपाटावर टाकला. त्यानंतर घरातलं बोलणं तुटलं. चिऊ शाळेतून आली की कपाटाखाली उभी राहून मान वर करून बघायची. मागायची नाही, नुसती बघायची. ते बेबीला जास्त लागत होतं. शेवटी तिनं ठरवलं, ही वस्तू घरात नको, आणि रस्त्यावर फेकूनही भागायचं नाही. ज्यानं केली त्याच्या तोंडावर नेऊन द्यायची. एकदाच जायचं, काय बोलायचं ते बोलायचं आणि पुन्हा त्या दिशेला बघायचं नाही.

पुढच्या भेटीच्या दिवशी तिनं आईला सांगितलं, "आज तू राहा. मी जाते."

आईच्या हातातली शाल तशीच राहिली. "तू? कशाला?" मग कपाटावरून खाली आलेला पाळणा तिला दिसला. "बेबी, नको जाऊस. माझं ऐक. मी देते परत, मी नेते."

"का? मला बघून त्याला दुःख होईल?"

आईनं दाराच्या चौकटीला हात लावला होता, वाट अडवल्यासारखा. बेबीनं तो हळूच बाजूला केला आणि ती निघाली. बसमध्ये पाळणा मांडीवर घेऊन बसली. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "बाळ होणार आहे वाटतं घरात?" बेबीनं तोंड खिडकीकडे वळवलं.

तुरुंगाच्या फाटकाशी एका टेबलामागे पहारेकरी बसला होता. त्यानं पाळण्याकडे बघून मान हलवली. "बाई, हे आत जाणार नाही. इथं ठेवा, जाताना घेऊन जा."

"घेऊन नाही जायचंय. परत करायचाय. इथलाच आहे, इथंच केलेला."

पहारेकऱ्यानं पाळणा फिरवून बघितला. "इथला? इथं वेतकाम नाही हो. इथं कपडे शिवायचा विभाग आहे आणि भटारखाना आहे. वेत कुठला देतात यांना? एकमेकांची पाठ सोलून काढतील."

बेबीला वाटलं, याला माहीत नसेल. तिनं दादाचं नाव सांगितलं. पहारेकऱ्याची नजर जरा निवळली. "त्या आजींच्या घरच्या का तुम्ही? शालवाल्या? येतात बिचाऱ्या दर खेपेला. पण तो बाहेर येत नाही. आम्ही निरोप देतो, तो नाही म्हणतो. त्या तिथं बाकावर बसतात, वेळ संपली की उठून जातात."

"येत नाही म्हणजे? कधीपासून?"

"कधीपासून काय, पहिल्यांदा एकदा आला असेल. नंतर नाहीच. आज तुमचा निरोप पाठवतो, बघू या काय म्हणतो."

पाळणा टेबलावरच ठेवून बेबी त्याच बाकावर बसली. भिंतीचा तेलकट रंग बसणाऱ्यांच्या डोक्यांनी एका रेषेत उडाला होता. आईनं आणलेला एकेक निरोप तिला आठवायला लागला. वाळलाय फार. खोकला झालाय. चिऊ कितवीत गेली. सगळं या बाकावर बसून रचलेलं. ती उठून निघूनच जाणार होती, तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

जाळीपलीकडे दादा उभा होता. वाळला बिळला नव्हता. उलट अंगानं सुटला होता, चेहरा सुजल्यासारखा पिवळट. केस मात्र पार पांढरे झाले होते. तो बसला नाही.

"आई गेली का?" त्यानं विचारलं.

"नाही."

मग तो बसला. "तू आलीस म्हणून वाटलं."

दिवसचे दिवस बेबीनं मनात शब्द लावून ठेवले होते. ते सगळे पाळण्याचे होते, आणि पाळण्याशी या माणसाचा संबंधच नव्हता. तिच्यापाशी एकच प्रश्न उरला. "आईला का भेटत नाहीस?"

"ती समजूत घालते," दादा म्हणाला. "रडली असती, तोंडात मारली असती तर भेटलो असतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुला शुद्ध नव्हती बाळा, तुला तसं वाटतंय. मी म्हटलं, पुन्हा येऊ नकोस."

"काय सगळं ऐकून घेतलं?"

दादानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तिनं तुला सांगितलं नाही?"

"काय?"

तो बराच वेळ जाळीच्या भोकात बोट घालत, काढत राहिला. मग बोलला, ते मात्र थांबत थांबत नाही, सरळ बोलला. "तो जिवंत होता, बेबी. मला माहीत होतं. मी वर रस्त्यावर आलो तेव्हा तो हाका मारत होता. दादा, पाय अडकलाय, म्हणत होता. दादा, दार ओढ. मी उभा राहून ऐकलं. मग चालायला लागलो."

पलीकडच्या जाळीशी कोणीतरी बाई लहान मुलाला उचलून दाखवत होती. ते मूल खिदळत होतं.

"का?" बेबीनं विचारलं.

"तोंडाला वास येत होता. पकडतील म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. मीही शोधलं आणखी काही आहे का. घाबरलो होतो, डोकं फिरलं होतं, असलं काहीतरी. नाही सापडलं."

"किती वेळ हाका मारत होता?"

"मला ऐकू येत होतं तोवर तरी मारत होता." दादानं बोट बाहेर काढलं. "तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. त्यासाठीच आलो बाहेर. आणखी कोण देणार मला?"

बेबीनं कल्पना केली होती की आपण ओरडू, जाळीवर मुठी आपटू, आपल्याला धरून बाहेर काढावं लागेल. ती नुसती उठली. मागून दादानं हाक मारली, "बेबी!" एकदा, दोनदा. ती चालत राहिली. फाटकाशी आल्यावर ती पाळण्याकडे न बघताच पुढे निघाली. पहारेकऱ्यानं मागून येऊन तो तिच्या हातात दिला.

घरी पोचली तेव्हा आई चिऊच्या वेण्या घालत होती. बेबीच्या हातात पाळणा परत आलेला बघून तिचे हात थांबले. "चिऊ, शेजारी जा खेळायला," बेबी म्हणाली. अर्धी वेणी तशीच ठेवून चिऊ गेली.

"वेत कुठून आणलास?" बेबीनं विचारलं.

आईनं नाकारलं नाही. कोपऱ्यावर खुर्च्या विणणारा म्हातारा आहे, त्याच्याकडे ती दुपारी जाऊन बसायची. चिऊ शाळेत आणि बेबी कामावर असताना. त्यानं शिकवलं. पहिला पाळणा फसला, दुसराही वाकडा झाला, हा तिसरा. "मला वाटलं, तुला राग येईल, पण पोर खेळेल त्याच्याशी. हळूहळू तुझंही मन निवळेल. पुढच्या वर्षी आणखी काही..."

"तो काय करून बसलाय ते तुला माहीत होतं."

आईनं चिऊचा कंगवा उचलून बाजूला ठेवला.

"तुला माहीत होतं की तो हाका मारत होता. इतके दिवस माझ्या घरात बसून, माझ्याबरोबर जेवून, माझ्या पोरीच्या वेण्या घालून. आणि त्या दिवशी माझ्या तोंडावर म्हणालीस, शुद्ध नव्हती."

"काय सांगायचं होतं मी तुला?" आईचा आवाज एकदम चिरका झाला. "हाका मारत होता, हे? ते ऐकून तू झोपली असतीस पुन्हा? मी झोपले नाही. म्हटलं, एकीची तरी झोप राहू दे."

"माझ्या झोपेसाठी नाही. त्याच्यासाठी. मी त्याला माफ करावं म्हणून."

"हो," आई म्हणाली. "त्याच्यासाठीही. मी गेल्यावर त्याचं कोण आहे? तू नाही बघितलंस तर कोण बघेल?"

"कोणी नाही."

आईनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आपली पिशवी काढली आणि खुंटीवरचे कपडे त्यात भरायला लागली. बेबी बघत राहिली. तिला थांबवावंसं वाटत नव्हतं. जाऊ दे असंही वाटत नव्हतं. आईला जायला कुठलं घरच उरलेलं नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे," बेबी शेवटी म्हणाली. "चिऊला शाळेत कोण सोडणार?"

आईनं पिशवी भिंतीशी ठेवली. रिकामी केली नाही, तशीच ठेवली. ती पुढे कितीतरी दिवस तिथंच होती.

चिऊ परत आली तेव्हा पाळणा बिछान्यावर होता. ती दारातच थबकली. बेबीनं तिला जवळ ओढून उरलेली वेणी घातली आणि म्हणाली, "हा मामानं केलेला नाही. आजीनं केलाय. खेळ त्याच्याशी."

"खरंच आजीनं?" चिऊनं आजीकडे वळून विचारलं. "मग मामानं काय केलं?"

आई स्वयंपाकघरात निघून गेली. "काही नाही," बेबी म्हणाली. "मामानं काहीच केलं नाही."

त्यानंतर दोघी बोलत होत्या ते कामापुरतं. दूध आलं का, चिऊचा सदरा वाळला का. बेबी कामावर रुळासमोर उभी राहून चादरीच्या घड्या घालायची आणि यंत्रांच्या घरघरीत तिला हाका ऐकू यायच्या. तोवर कधी आल्या नव्हत्या. बरोबरची बाई चादरीचं टोक धरून ओरडायची, "अगं धर ना, लक्ष कुठंय?" आणि बेबी दचकून टोक पकडायची. आई म्हणाली होती ते खरं होतं. झोप गेली ती गेलीच. कुशीवर वळलं की पलीकडे आईचेही डोळे उघडे दिसायचे. मग दोघी वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करायच्या.

पुन्हा भेटीचा दिवस आला. सकाळी आईनं शाल घेतली आणि बेबीकडे न बघता ती बाहेर पडली. दिवस कलला, अंधारून आलं, तेव्हा परतली. थंडीनं तिचे ओठ काळेनिळे पडले होते. चपला काढताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. चिऊ एका कोपऱ्यात बाहुलीला दटावत होती.

बेबीनं चहा गाळून कप आईच्या पुढे सरकवला.

"आला बाहेर?" तिनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी कप धरला.